अलास्कात अस्वलापासून बचावासाठी काय घ्यावं? ग्लॉक २०, .४४ मॅग्नम, ८७०, मार्लिन १८९५ आणि मिरचीचा फवारा

कॅटमाई नॅशनल पार्कात ब्रूक्स कॅम्पच्या मचाणावरून सॅमन पकडणारी अस्वलं बघायची आणि संध्याकाळच्या विमानाने परतायचं, एवढाच बेत असेल तर बंदुकीच्या भानगडीत पडू नका. हे परीक्षण आहे ते कोडिअ‍ॅक, अ‍ॅडमिरल्टी बेट किंवा केनाई द्वीपकल्पात चार-सहा दिवस तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी. मासेमारी, शिकार, सर्वेक्षण, नदीतला राफ्टचा प्रवास, असं काहीही असो. अ‍ॅडमिरल्टीवर चौरस मैलाला साधारण एक तपकिरी अस्वल पडतं आणि कोडिअ‍ॅकचा मोठा नर ६०० किलोच्या पुढे जातो. तिथे हा विचार करावाच लागतो.

आधी कायद्याचं, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी मंडळींचा प्रश्न इथेच निकालात निघतो. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. मित्राच्या नावावरची बंदूक "जरा धरतो" म्हणून हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. यातली नेहमी उपयोगी पडणारी सवलत म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो काढलेला असावा, मुदतीत असावा आणि खिशात असावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शिवाय पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून थेट विकत घेता येत नाही, ते आपल्या राहत्या राज्यातूनच घ्यावं लागतं. रायफल आणि शॉटगन दुसऱ्या राज्यात दुकानदाराकडून मिळू शकते. म्हणजे अँकरेजला उतरून पिस्तूल घेऊ, हा बेत बाहेरगावच्या माणसाचा जमत नाही.

(मेळघाट, ताडोबा किंवा ज्ञानगंगेतल्या आपल्या अस्वलांना यातलं काहीही लागू नाही. ती वेगळ्या जातीची, वेगळ्या स्वभावाची, आणि आपल्या अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.)

दुकानात गेलं की चर्चा सुरू होते गोळीच्या आकारावरून. आमच्या मते ती चुकीच्या टोकाकडून सुरू होते. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अलास्कातल्या २६९ घटना तपासून प्रसिद्ध केल्या. त्यात पिस्तूल-रिव्हॉल्वर ८४ टक्के वेळा यशस्वी ठरलं, लांब नळीची बंदूक ७६ टक्के. पिस्तुलाच्या घटना फार थोड्या होत्या, म्हणून या दोन आकड्यांची तुलना ताणू नये. खरा ऐवज अपयशाच्या कारणांत आहे. पहिलं कारण, वेळच मिळाला नाही: २७ टक्के. दुसरं, बंदूक होती पण वापरलीच नाही: २१ टक्के. तिसरं, बंदूक अडकली: १४ टक्के. त्याखाली नेम चुकणं, सेफ्टी वेळेत न निघणं, गोळ्या संपणं. म्हणून प्रत्येक वस्तूला आम्ही तेच तीन प्रश्न विचारले आहेत: हात किती लवकर पोचतो, भीतीने थरथरता हात ती चालवू शकतो का, आणि ती कुठे अडकते. तपकिरी अस्वल ताशी ५६ किलोमीटरपर्यंत धावतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत संपतं. झुडपातून निघालं तर ३० मीटरही मिळत नाहीत.

मिरचीचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे, या यादीत आम्ही पहिल्या जागी ठेवतो. बंदूक घेणाऱ्यांनीही तो घ्यावाच. डब्यावर अमेरिकी पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, नोंदणी क्रमांक हवा आणि कॅप्सेसिनॉइडचं प्रमाण १ ते २ टक्के लिहिलेलं हवं. माणसांसाठी मिळणारा किल्लीच्या जुडग्यातला पेपर स्प्रे इथे चालत नाही. त्याची धार बारीक आणि डबा चिमुकला असतो. काउंटर असॉल्ट कंपनीचा २९० ग्रॅमचा मोठा डबा ४० फुटांपर्यंत पोचतो आणि साधारण आठ सेकंद चालतो. २३० ग्रॅमचा ३० फूट आणि थोडा कमी वेळ. दोन-चार डॉलर वाचवून छोटा घेण्यात अर्थ नाही.

२००८ सालच्या अभ्यासात अलास्कात फवाऱ्याने तपकिरी अस्वलाचं नको असलेलं वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं आणि फवारा जवळ असलेली ९८ टक्के माणसं इजेविना सुटली. हा आकडा बंदुकीच्या आकड्याशेजारी ठेवून वाद घालणारे बरेच भेटतात. तसं करू नये. फवाऱ्याच्या बऱ्याच घटनांत अस्वल नुसतं चौकस होऊन जवळ आलेलं होतं, अंगावर धावून आलेलं नव्हतं. तरीसुद्धा ज्याला बंदुकीचा सराव नाही त्याच्यासाठी फवाराच बरा, यात आम्हाला शंका नाही. त्यात नेम धरावा लागत नाही, भिंत उभी करावी लागते.

वापरायची रीत अशी. डब्याच्या मानेवरची प्लॅस्टिकची पाचर अंगठ्याने मागे, स्वतःकडे ओढून काढायची. ती वर ओढायला गेलात तर निघत नाही, आणि पहिल्यांदा हात लावणारे नेमके तेच करतात. डबा दोन्ही हातांनी धरून तोंड किंचित खाली, अस्वलाच्या पायांच्या पुढे. ३० फुटांवर पहिला दोन सेकंदांचा फवारा, म्हणजे ढग वर चढेपर्यंत अस्वल त्यात शिरतं. आलंच तर दुसरा, थेट तोंडावर. वारा तोंडावर असेल तर थोडा तुमच्याही डोळ्यांत जाईल, ते सोसायचं. तंबूवर किंवा पिशव्यांवर आधीच मारून ठेवायचा नाही. तो डासांच्या मलमासारखा चोळायचा पदार्थ नाही, आणि वाळलेल्या मिरचीच्या वासाला अस्वलं उलट येतात. डब्यावरची मुदत तीन-चार वर्षांची असते. मुदत संपली की दाब गेलेला धरायचा आणि तो डबा अंगणात सरावाला वापरायचा.

आता बंदुका. अंगावर राहणारी म्हणून ग्लॉक २०. १० एमएम काडतूस, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, भरलेलं वजन साधारण १.१ किलो. ग्रीनलंडमध्ये गस्त घालणारं डॅनिश सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल कमरेला बाळगतं, आणि सोबत .३०-०६ रायफल. म्हणजे ज्यांचं पोट या कामावर आहे ते पिस्तुलाला रायफलची बदली समजत नाहीत, हेही लक्षात घ्या. सेफ्टीचा वेगळा खटका नाही, चाप ओढला की उडतं. घाबरलेल्या हाताला हे सोपं पडतं. पण म्हणूनच चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरशिवाय ते बाळगणं धोक्याचं आहे.

गोळी कोणती, यावर इथे सगळं अवलंबून आहे. शहरात स्वसंरक्षणासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी फुलते आणि वरवर थांबते. अस्वलाला जाड कातडी, चरबी, स्नायू आणि खांद्याचं हाड पार करून आत जाणारी गोळी लागते: चपट्या टोकाची, कडक ओतीव शिशाची २२० ग्रेन, म्हणजे १४ ग्रॅमची, सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास वेगाची. मात्र चौथ्या पिढीपर्यंतच्या ग्लॉकच्या नळीत आतले कंगोरे बहुकोनी असतात, त्यांत उघडं शिसं थरावर थर साचतं आणि दाब वाढतो. कंपनीही उघडं शिसं वापरू नका म्हणते. उपाय तीन: लेप दिलेली ओतीव गोळी, अखंड तांब्याची गोळी, किंवा २०२२ मध्ये आलेलं पाचव्या पिढीचं पिस्तूल, ज्याच्या नळीचे आटे वेगळ्या पद्धतीचे आहेत.

ते अडकतं कुठे? मनगट सैल राहिलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे जात नाही आणि काडतुसाची रिकामी पुंगळी तोंडाशी अडकून उभी राहते. जड गोळीच्या धक्क्यात हे जास्त होतं. म्हणून सोबत न्यायचं आहे तेच काडतूस निदान ५० तरी उडवून पाहा, त्यातले दहा एका हाताने आणि दहा हातमोजे घालून. एकदाही अडकलं तर काडतूस बदला. दुसरी मर्यादा आणखी गंभीर आहे. अस्वल अंगावर असताना नळीचं टोक त्याच्या शरीरात दाबलं गेलं, तर स्लाइड जराशी मागे सरकते आणि चाप ओढूनही गोळी उडत नाही.

.४४ मॅग्नम रिव्हॉल्वर इथेच सरस ठरतं. चार इंची नळीचं स्मिथ अँड वेसन ६२९ अंगाला टेकवूनही उडतं, आणि एखादं काडतूस फुसकं निघालं तर नुसता पुन्हा चाप ओढायचा, पुढचं तयार असतं. वजन साधारण १.२ किलो, गोळ्या सहा. २४० ग्रेनच्या नेहमीच्या काडतुसाची ऊर्जा १,३०० जूलच्या आसपास, म्हणजे वरच्या १० एमएमच्या दीडपटीजवळ, आणि अस्वलासाठीची ३०० ग्रेनची ओतीव गोळी आणखी खोल जाते. पण पहिल्या गोळीनंतर नळी आभाळाकडे जाते आणि पुन्हा खाली आणून नेम धरेपर्यंत वेळ जातो. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याचा सल्लाही हाच आहे: बिनसरावाच्या हातात .४४ अपुरं पडू शकतं, .३०० मॅग्नम रायफल किंवा स्लग (छर्‍यांऐवजी एकच जड गोळी) भरलेली बारा बोअरची शॉटगन बरी.

हलकं म्हणून स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी घेऊ नका. स्कँडियम-टायटेनियमचं ते ७१० ग्रॅमचं रिव्हॉल्वर दिवसभर बाळगायला सुखाचं आणि उडवायला छळ आहे. धक्का इतका असतो की न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते, टोक सिलिंडरच्या बाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. कुठल्याही हलक्या रिव्हॉल्वरची परीक्षा निघण्याआधीच होते: सहा भरा, पाच उडवा, सहाव्या काडतुसाची लांबी आधी आणि नंतर कॅलिपरने मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्वरसाठी बाद. .४५४ कॅसुल आणि .५०० या आणखी जोरदार रिव्हॉल्वरबद्दल एवढंच म्हणू की ती विकत घेणारे बहुतेक जण महिन्याला दहा गोळ्याही उडवत नाहीत, आणि सराव नसलेली ताकद कामाची नाही.

तंबूजवळ आणि होडीत ठेवायला एकच बंदूक घ्यायची तर बारा बोअरची पंप शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे हापसून काडतूस भरायची), म्हणजे रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५९०. १८ इंचांच्या आसपासची नळी, चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ, मोकळा किंवा किंचितच आवळलेला (इम्प्रूव्हड सिलिंडर), वर साधी रायफलसारखी नेमकाठी. टोकाला नुसता दाण्याएवढा मणी असलेल्या नळीवर समाधान मानू नका. स्लग उडवायचा तर मागची-पुढची दोन्ही नेमं हवीत. काडतुसात छर्रे नकोत, मोठे बकशॉटसुद्धा नकोत, ते आत पोचत नाहीत. दुकानात सहज मिळणारा एक औंसाचा फॉस्टर स्लग मऊ शिशाचा असतो, हाडावर पसरून चपटा होतो. काळ्या अस्वलाला पुरे. तपकिरीसाठी कडक मिश्रधातूचा ब्रेनेके घ्या. ३ इंची ब्लॅक मॅजिक मॅग्नमचा स्लग ६०२ ग्रेनचा, म्हणजे ३९ ग्रॅमचा, आणि ऊर्जा ४,००० जूलच्या वर. खांद्याला तो चांगलाच बसतो, म्हणून सराव साध्या स्लगवर करायचा आणि शेवटचे पाच ब्रेनेके उडवून नेम तपासायचा.

८७० चालवताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्धवट ओढलेला पंप. घाईत हात दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबतो, पुढचं काडतूस वर येत नाही, माणूस पंप पुढे ढकलतो आणि चाप ओढल्यावर नुसता "टक" आवाज येतो. पंप मागे हापसायचा तो दांडा मोडायचाय अशा जोराने, आणि तितक्याच जोराने पुढे. खोट्या काडतुसांवर रोज वीस वेळा केलं की आठवड्यात हाताला सवय लागते.

भरण्याचा क्रमही ठरलेला आहे. चेंबर, म्हणजे उडायचं काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची बोट घालून खात्री, बोल्ट पुढे, नळी सुरक्षित दिशेला धरून रिकाम्यावर चाप ओढायचा, आणि मग खालून मॅगझिन भरायचं. आता पंप मोकळा आहे, वेळ आली की एकदा हापसला की तयार. चाप न ओढताच मॅगझिन भरलं तर पंप कुलूपबंद राहतो आणि चापाच्या कडीपुढची डावीकडची छोटी कळ दाबल्याशिवाय हलत नाही. ती कळ त्या क्षणी कोणाला सापडत नाही.

जुनी ८७० एक्स्प्रेस स्वस्तात मिळाली तर दोन गोष्टी बघा. काही वर्षांच्या उत्पादनात चेंबर आतून खरखरीत आहे, पोलादी बुडाची स्वस्त काडतुसं उडाल्यावर तिथेच चिकटतात. शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून, ब्रशला गुंडाळून, ड्रिलवर मंद फिरवली की ते बहुतेकदा जातं. दुसरं, एक्स्प्रेसचा काळा मॅट लेप जूनोच्या बाजूच्या पावसात आणि खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंजू लागतो. निकेल चढवलेली मरीन मॅग्नम किंवा मॉसबर्गची मरीनर त्यासाठी बनवलेली आहे. मॉसबर्गची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, हातमोज्यातही आणि डावऱ्यालाही सोपी. फक्त तिला पिस्तुलासारखी मूठ लावलेला दस्ता बसवू नका, अंगठा सेफ्टीपर्यंत पोचत नाही.

मार्लिन १८९५ एसबीएल, .४५-७० ची लिव्हर रायफल (चापाभोवतीची कडी खाली-वर फिरवून काडतूस भरायची), ही या यादीतली सगळ्यात देखणी वस्तू. २०२० मध्ये मार्लिन रूगरकडे गेली आणि २०२१ च्या शेवटी ही पुन्हा बाजारात आली. १९ इंची नळी, ९५ सेंटिमीटर लांबी, ३.३ किलो वजन, मॅगझिनमध्ये सहा. स्टेनलेस पोलाद, लॅमिनेटचा दस्ता, हातमोजा मावेल अशी मोठी लिव्हर. रेमिंग्टनच्या ताब्यातल्या काळातल्या बंदुकांची जुळणी एकसारखी नव्हती. सेकंडहँड घेताना नंबरासमोर "आरएम" अक्षरं असतील तर ती रूगरची. फरक लिव्हर फिरवताच हाताला कळतो.

काडतुसाच्या खोक्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. .४५-७० हे १८७३ चं काडतूस. जुन्या कमकुवत बंदुका फुटू नयेत म्हणून आजही साधं ४०५ ग्रेनचं काडतूस मुद्दाम सौम्य भरतात, २,१०० जूलच्या आसपास. त्याच नावाचं ४३० ग्रेनचं जोरदार काडतूस ४,८०० जूलपर्यंत जातं. दोन्ही खोक्यांवर नाव एकच. ओतीव गोळी प्रमाणाबाहेर लांब असेल तर लिव्हरच्या वाटेत अडकते, म्हणून तेही आधी फिरवून पाहायचं. शिवाय घोड्याजवळची आडवी सेफ्टी झाडाला घासून नकळत दाबली जाते आणि मग घोडा पडूनही गोळी उडत नाही. सकाळी निघताना ती बघायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी सगळे स्क्रू. धक्क्याने ते सैल होतात.

बोल्ट रायफल घरात असेल तर नवं काही घेण्याची गरज नाही. अमेरिकेच्या वनखात्याने १९८३ मध्ये जवळच्या अंतरावर काडतुसं तपासली, त्यात .४५८, .३७५ आणि .३३८ मॅग्नम वर होती, पण २२० ग्रेनची .३०-०६ सुद्धा चांगली ठरली. फक्त दुर्बीण असेल तर ती कमीत कमी शक्तीवर ठेवा. नऊपटीवर धावत्या अस्वलाचे नुसते केस दिसतात.

होल्स्टरवर खर्च करताना हात आखडू नका. कमरेचं होल्स्टर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली आणि वेडर्सखाली (नदीत उतरायच्या जलरोधक विजारीखाली) गाडलं जातं. छातीवर तिरकं बसणारं हवं. गनफायटर्स कंपनीचं केनाई नावाचं होल्स्टर कडक प्लॅस्टिकचं आहे, पावसात भिजत नाही, पट्टा न सोडता पिस्तूल बाहेर येतं. अलास्कातल्या वसिला गावच्या डायमंड डी कंपनीचं चामड्याचं अंगाला मऊ, पण ओलं झालं की वाळायला वेळ लागतो. फवारा दुसऱ्या बाजूच्या खांद्यपट्टीवर, पिशवीच्या खिशात कधीच नाही. झाडाला टेकवून ठेवलेली .३७५ रायफल नदीत मासे पकडणाऱ्याच्या कामाची नाही. चौघांच्या गटात प्रत्येकाकडे फवारा आणि सराव असलेल्या एकाकडे लांब बंदूक, एवढं पुरतं. दोन किलोच्या आतबाहेरचं, बॅटरीवरचं विजेचं कुंपण तंबूभोवती लावलंत तर रात्रीचा बराच भार कमी होतो.

सरावाचं आमचं माप साधं आहे. सात मीटरवर जेवणाची कागदी थाळी, छातीवरच्या होल्स्टरमधून काढून चार सेकंदांत तीन गोळ्या थाळीत. हे दहातून नऊ वेळा जमेपर्यंत पिस्तूल सोबत नेऊ नका. डोक्यावर नेम धरायचा नाही. धावताना ते वरखाली होतं आणि कवटी उतरती असते. समोरून येत असेल तर हनुवटीखाली, छातीच्या मध्यावर. आडवं असेल तर खांद्यावर. ते पडून निपचित होईपर्यंत थांबायचं नाही.

प्रवासात बंदूक रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून. काडतुसं बहुतेक एअरलाइनना ५ किलोपर्यंत चालतात. फवारा कुठल्याच प्रवासी विमानात चालत नाही, ना हातात ना सामानात. तो अँकरेजलाच घ्यायचा आणि पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या फ्लोट विमानाच्या पायलटला आधी सांगायचं, तो तरंगत्या पायातल्या कप्प्यात ठेवतो. अलास्का हायवेने कॅनडातून गाडी नेणार असाल तर पिस्तूल घरीच ठेवा. शॉटगन किंवा रायफल सीमेवर फॉर्म आणि शुल्क भरून नेता येते.

आणि अस्वल खरोखरच मारावं लागलं तर काम तिथे संपत नाही. आपल्या उघड्या अन्नामुळे किंवा कचऱ्यामुळे ते आलं असेल तर कायद्याचं संरक्षण मिळत नाही. मिळणार असेल तरी नखांसकट पूर्ण कातडं आणि कवटी काढून राज्याच्या ताब्यात द्यावी लागते आणि १५ दिवसांत लेखी माहिती भरावी लागते. ओलं कातडं एकट्याला उचलवत नाही. तेव्हा सामानात धारदार चाकू, तो परजायचा दगड आणि जाड दोरी आत्ताच टाका.